श्रम आणि क्लम : सहनशक्तीच्या खेळांतील अतिव्यायामाचा विचार

प्रस्तावना

पोहणे, सायकल चालविणे व धावणे हे तीन व्यायाम खंड न पाडता एकापाठोपाठ करावयाच्या स्पर्धेस ट्रायथलॉन म्हणतात. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून या खेळाचा तेथे समावेश झाला. २०१९ साली गोव्यात ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा भरली आणि १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल व २१.१ किमी धावणे हे ध्येय महाराष्ट्रातील हौशी मंडळींच्या टप्प्यात आले.

आमच्या कुंभार पिंपळगाव (ता. घनसावंगी, जि. जालना) परिसरासही हा विषय दूरचा नाही. विहिरीत पोहायला शिकलेले तरुण नोकरीनिमित्त शहरात जातात व अशा खेळांकडे वळतात. गावी राहिलेले पोलीस भरतीसाठी धावतात. या भरतीत पुरुषांच्या १६०० मीटर धावण्यास २० गुण असतात. दोघांचीही मागणी एकच असते : “डॉक्टरसाहेब, पाय जड पडलेत, पण सराव बंद करता येत नाही. काहीतरी ताकदीचं द्या.” या मागणीस वैद्याने काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रीय भूमिका

चरकाचार्यांनी व्यायामाचे वर्णन सूत्रस्थानाच्या सातव्या, म्हणजे ‘न वेगान् धारणीय’ अध्यायात केले आहे. त्याच अध्यायात श्रमजन्य निःश्वास हा अधारणीय वेगांमध्ये गणला असून त्याच्या धारणाने गुल्म, हृद्रोग व संमोह होतात असे सांगितले आहे. त्यावरील उपाय विश्रांती व वातघ्न क्रिया हा होय. दम लागलेला असता तो दाबून पुढे रेटणे हे आचार्यांच्या दृष्टीने वेगधारणच ठरते.

अतिव्यायामाने श्रम, क्लम, क्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर व छर्दी हे विकार उद्भवतात. या यादीत श्रम आणि क्लम हे दोन शब्द वेगळे आले आहेत, आणि चिकित्सेची सारी दिशा या भेदावर अवलंबून आहे. श्रम हा आयासाने येतो व विश्रांतीने जातो. सुश्रुतांनी शारीरस्थानात क्लमाचे लक्षण सांगताना आयासावाचून येणारा थकवा असे म्हटले आहे. दीर्घ सरावानंतर पाय दुखणे, गाढ झोप लागणे, भूक वाढणे हा श्रम होय. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलत नसेल, भूक मंदावली असेल, चिडचिड वाढली असेल, नेहमीचे अंतर नेहमीच्या वेगाने कापवत नसेल, तर तो क्लम समजावा. आधुनिक क्रीडावैद्यक ज्यास अतिसरावाची अवस्था म्हणते, तिच्याशी हे चित्र बरेच जुळते.

मर्यादा कोठे मानावी? वाग्भटांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसही शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला आहे. इतर काळी त्याहून मंद. मर्यादा ओलांडणाऱ्यास त्यांनी हत्तीस ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. खेळाडूस वर्षभर अर्धशक्तीच्या आत ठेवता येणार नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु जड दिवसानंतर हलका दिवस आलाच पाहिजे, एवढे तरी त्यातून निश्चित निघते.

कालविचार

गोव्याची ही स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होत आली आहे. म्हणजे सर्वांत कठीण सराव वर्षा ऋतूत येतो. २०२४ च्या पोलीस भरतीची मैदानी चाचणीही १९ जूनपासून सुरू झाली. तिची तयारी ग्रीष्मात झाली. ग्रीष्म व वर्षा या दोन्ही ऋतूंत बल सर्वांत कमी असते, वर्षेत अग्नीही मंद असतो, आणि वर्षाऋतुचर्येत व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. स्पर्धेची तारीख आपल्या हाती नसते. म्हणून अशा काळात आहार, झोप व विश्रांतीचे दिवस यांवर दुप्पट लक्ष ठेवावे. शेतीकाम करून सराव करणाऱ्या तरुणाचे ऊसतोडणीचे किंवा फवारणीचे श्रमही त्याच्या व्यायामात मोजले पाहिजेत.

परीक्षण व चिकित्सा

रुग्णास रोज सकाळी उठताच नाडीचे ठोके, वजन व झोपेचे तास लिहून ठेवावयास सांगावे. नाडी नेहमीपेक्षा सतत वाढलेली, वजन उतरत चाललेले व भूक मंद, अशी स्थिती काही दिवस टिकल्यास जड सराव थांबवावा. स्त्री-खेळाडूत रजोप्रवृत्ती अनियमित होणे वा थांबणे हे आहार अपुरा पडत असल्याचे महत्त्वाचे लक्षण आहे. ते विचारल्याखेरीज कळत नाही.

ज्वर असता सराव पूर्ण बंद ठेवावा. ज्वरमुक्तानेही बल येईपर्यंत व्यायाम करू नये, ही चरकांची आज्ञा आहे. विषाणुजन्य ज्वरात हृदयाच्या स्नायूस शोथ येऊ शकतो, हे लक्षात घेता तिचे महत्त्व अधिकच पटते. छातीत दुखणे, धावताना भोवळ येणे, काळपट लाल मूत्र, उन्हात संभ्रम होणे यांपैकी काहीही आढळल्यास वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे.

चरकांचा श्रमहर गण पाहावा : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक. ही दहाही द्रव्ये आहारातील आहेत, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. थकलेल्या शरीरास प्रथम अन्न हवे असते. खर्जूरादि मंथ, मऊ भात, मूग, दूध व तूप अग्नीनुसार द्यावे. तीळतेल किंवा बलातेलाचा अभ्यंग करावा. क्षुधित व तृषित व्यक्तीस व्यायाम वर्ज्य सांगितला असल्याने उपाशीपोटी लांब सराव करू देऊ नये. दीर्घ सरावात केवळ साधे पाणी अतिप्रमाणात पिणेही घातक ठरते, त्याने रक्तातील सोडियम उतरते. अश्वगंधादि रसायने अग्नी व निद्रा सुधारल्यावर द्यावीत. विश्रांतीऐवजी देऊ नयेत.

औषधविक्रेत्यांसाठी

‘ताकदीचे’ म्हणून मागितले जाणारे औषध खेळाडूस अडचणीत आणू शकते. कुपीलूतील स्ट्रिक्नीन, सोमवनस्पतीतील एफेड्रिन (ठरावीक मर्यादेपुढे), अहिफेनातील मॉर्फिन व भांगेतील द्रव्य स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. म्हणून अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी, कामिनीविद्रावण रस, भांगयुक्त जातिफलादि चूर्ण यांची विक्री करताना ग्राहक स्पर्धेत उतरणार आहे काय, हे विचारावे. कुपीलू, अहिफेन व भांग अनुसूची ई-१ मध्ये असल्याने वैद्यकीय देखरेखीवाचून त्यांचे कल्प देऊच नयेत. शरीरात निषिद्ध द्रव्य सापडल्यास जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. २०२२ साली संसदेने याविषयी स्वतंत्र कायदाही केला. वेदनाशामक गोळी घेऊन लांब धावणे वृक्कांस अपायकारक आहे, हेही काउंटरवरच सांगावे.

उपसंहार

भरतीची वयोमर्यादा जवळ आलेली असते किंवा स्पर्धेचे शुल्क भरलेले असते, म्हणून रुग्णास नुसते ‘आराम करा’ हे वाक्य पटत नाही. विश्रांती औषधाप्रमाणे चिठ्ठीवर लिहावी : किती दिवस, त्यात काय करावयाचे, पुन्हा कोणत्या तारखेस दाखवावयाचे. श्रम असेल तर धीर द्यावा, क्लम असेल तर थांबवावे. हा निर्णय वेळेवर व ठामपणे देणे हेच अशा रुग्णासाठी वैद्याचे पहिले कर्तव्य होय.