दोन डाव्या दारांची गोष्ट

प्रस्तुत लेखकाने एका रविवारी सकाळी आपल्या प्रीमियर पद्मिनीचे चारही डोअर पॅड रद्दीच्या गठ्ठ्यासोबत भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवले. पावसाच्या पाण्याने फुगलेला हार्डबोर्ड, त्यावर तडकलेलं तपकिरी रेक्झिन, कडेला गंजलेल्या क्लिपा. भंगारवाल्याने त्यांचे वेगळे पैसेसुद्धा धरले नाहीत. घाण गेली म्हणून गृहस्थ खूश. काच फिरवायच्या हँडलचं भोक नेमकं कुठे, दोन क्लिपांमध्ये अंतर किती, खालची कड कुठे वळते, या सगळ्याचा एकुलता एक नकाशा त्या हातगाडीवरून गेला, हे कळायला त्याला तीन आठवडे लागले.

गाडी 1974 सालची. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट तयार होऊ लागली आणि 1974 मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. पुढे पाव शतक ती बनत राहिली, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा झाली, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर 2023 मध्ये उतरली. तिच्या इंजिनाची नस ओळखणारे मिस्त्री अजून भेटतात. अडतं ते आतल्या सामानापाशी. बसल्याजागी रोज दिसणाऱ्या गोष्टीच नेमक्या मिळत नाहीत.

मग नवे पॅड फायबरचे का नकोत? फायबर कुजत नाही, फुगत नाही, हव्या त्या आकारात वळतं. 1953 मध्ये शेवरोले कॉर्व्हेट निघाली ती अख्खी फायबरची बॉडी घेऊन. पहिल्या वर्षी अशा 300 गाड्या झाल्या, त्याही बऱ्याचशा हाताने. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानीची डॉल्फिन 1980 च्या दशकात फायबरच्याच अंगाने रस्त्यावर फिरली. कोकणात होड्या फायबरच्या, गणपतीची मखरं फायबरची. तिथे दाराचं एक पॅनेल ते काय! जमलंच तर त्यातच स्पीकरला फुगीर जागा, बाटलीला कप्पा. लेखकमहाशयांनी बाजारातून रेझिन, हार्डनर आणि काचतंतूंची मॅट आणली आणि सोसायटीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुकान मांडलं.

पहिला धडा थर्माकोलने दिला. आकार कोरायला तो सोपा म्हणून त्याचाच साचा केला, दोन संध्याकाळ घालवून घासून गुळगुळीत केला आणि वर रेझिनचा पहिला हात मारला. पाच मिनिटांत साच्यात खड्डे पडू लागले. दहाव्या मिनिटाला चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तो आकार खाली बसला. कारण साधं आहे. स्वस्त, नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरिन असतं, आणि स्टायरिन थर्माकोलला विरघळवतं. थर्माकोलच वापरायचा असेल तर त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी कुठेही फट न ठेवता लावावी किंवा इपॉक्सी रेझिन घ्यावं. ते महाग, पण थर्माकोलला खात नाही. त्यापेक्षा प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस बरं. त्यावर मेणाच्या पॉलिशचे पाच-सहा हात आणि शेवटी पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा) पातळ थर, म्हणजे पॅनेल साच्याला चिकटून बसत नाही.

दुसरा धडा तापला. मे महिन्याची दुपार होती. हार्डनर वजनाने मोजायचा असतो: एक किलो रेझिनला साधारण 10 ते 20 ग्रॅम, उन्हाळ्यात खालच्या बाजूला. लेखकाने तो बाटलीच्या झाकणाने मोजला आणि ‘लवकर सुकू दे’ म्हणून एक झाकण वरून घातलं. शिवाय अख्खा किलोभर माल एका अरुंद डब्यात. मॅटचा पहिला तुकडा भिजेपर्यंत डब्यातलं रेझिन आधी जेलीसारखं, मग दगडासारखं झालं. डब्याला हात लावताच चटका बसला आणि वरून धूर निघाला. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं; जाड गोळ्यात ती कोंडते, पातळ थरात निघून जाते. तेव्हापासून शेडमध्ये सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आला. एका वेळी पाव किलोच कालवायचं, तेही पसरट भांड्यात, आणि उरलेला माल कचऱ्याच्या डब्यात न टाकता उघड्यावर थंड होऊ द्यायचा.

इथे एक गोष्ट गमतीत सांगण्यासारखी नाही. काही दुकानांत रेझिनसोबत दोन बाटल्या मिळतात: एक हार्डनरची, एक जांभळट कोबाल्टची. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, मगच हार्डनर घालावा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. तरी गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटं डोळा धुऊन तडक डॉक्टर गाठावा. धुळीचा साधा मास्क स्टायरिनची वाफ अडवत नाही. त्याला कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो. सुकलेलं पॅनेल घासताना उडणारे काचेचे कण अंगाला दोन दिवस खाजवत ठेवतात. पाणी टाकून वॉटर पेपरने घासलं तर हा त्रास बराच कमी होतो.

तिसऱ्या प्रयत्नात साचा टिकला, रेझिन वेळेवर बसलं. 450 ग्रॅमच्या मॅटचे दोन थर, ब्रशने टोचून टोचून आतली हवा काढलेली. एवढ्याने जवळपास दोन मिलिमीटरची जाडी येते आणि दाराच्या पॅनेलला ती पुरते. उत्साहाच्या भरात लेखकाने त्याच साच्यातून दुसरं पॅनेलही काढलं. दोन्ही गाडीपाशी नेली तेव्हा जवळच गणपतीच्या मखरांचं फायबर काम करणारा एक कारागीर उभा होता. त्याने एकदा डावं दार पाहिलं, एकदा उजवं.

“काका, दोन्ही डावीच केलीत की तुम्ही!”

जुना हार्डबोर्ड सपाट होता. एकच नमुना उलटा केला की डाव्याचा उजवा होई, आणि लेखकाच्या डोक्यात तोच हिशेब बसला होता. उंचसखल आकाराचं पॅनेल मात्र उलटं केलं की स्पीकरचा फुगवटा दाराच्या आत जातो. उजव्याला उजवाच साचा लागतो, आणि पुढच्या-मागच्या दारांचे आकार वेगळे असल्याने चार दारांना चार साचे.

जे डावं पॅनेल बरोबर होतं तेही सुखाने बसलं नाही. मूळ पॅडपेक्षा ते जाड झालं होतं. त्यावर फोमचं रेक्झिन चढलं तेव्हा काच फिरवायच्या दांड्याचे दाते आत बुडाले आणि हँडल त्यांना पकडेना. दार लावायला गेलं तर फुगवटा सीटच्या कडेला आपटला. स्पीकर बसवल्यावर काच खाली केली तर ती चुंबकाला टेकली. तिन्ही गोष्टी अर्ध्या तासात मोजता आल्या असत्या: काच पूर्ण खाली करून दाराच्या आतली मोकळी खोली, सीट पुढे-मागे सरकवून दार बंद असतानाचं अंतर, आणि दांड्याची बाहेर उरणारी लांबी. कार्डबोर्डचं नकली पॅनेल बनवून दोन दिवस गाडी तशीच चालवली असती तर एक ग्रॅम रेझिन न खर्चता सगळं उघड झालं असतं.

आणखी एक घाई नडली. पॅनेल चार तासांत कडक लागलं म्हणून साच्यातून काढलं. सकाळपर्यंत त्याची एक कड केळीच्या सालीसारखी वर आली. पॉलिएस्टर रेझिन सुकताना आकसतं आणि कच्चं असताना साच्याचा आधार सुटला की वाकतं. निदान एक अख्खा दिवस, जमल्यास दोन, ते साच्यातच राहू द्यावं. पावसाळ्यात हे काम काढूच नये. दमट हवेत मॅट ओलावा धरते आणि रेझिन नीट बसत नाही.

दाराच्या आत पाणी जाणारच. काचेच्या रबरापाशी ते झिरपतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. म्हणून पॅनेल लावण्याआधी ती भोकं तारेने मोकळी करावीत आणि दाराच्या पत्र्यावर जाड प्लास्टिकचा कागद डकवावा. जुने हार्डबोर्ड कुजण्यामागे बहुधा हा फाटलेला कागदच असतो. आणि पत्र्याला नवीन भोक पाडू नये. मूळ क्लिपांच्याच जागा वापराव्यात. 2021 पासून 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. 1974 ची गाडी त्या वयाला पोचली आहे. पॅनेल काढून पुन्हा हार्डबोर्ड लावता येईल, एवढी वाट मोकळी ठेवलेली बरी.

लेखकाच्या गाडीला आज पुढे दोन फायबरची पॅनेलं आहेत, एक डावं आणि एक खरोखरचं उजवं. मागच्या दारांना त्याने मुकाट्याने हार्डबोर्ड आणि रेक्झिन लावलं. त्यासाठी दुसऱ्या एका पद्मिनीवाल्याचे पॅड दोन दिवस उसने आणून खाकी कागदावर गिरवून घेतले. उरलेलं जास्तीचं डावं पॅनेल शेडच्या भिंतीला टेकून होतं. मागच्या महिन्यात तोच भंगारवाला आला, तेव्हा लेखकाने ते पुढे केलं. त्याने बोटाने टकटक करून पाहिलं आणि परत दिलं.

“हे नाही चालत, साहेब. फायबर वितळत नाही, कोणी घेत नाही. मागच्या वेळसारखे हार्डबोर्ड आहेत का अजून?”