धान वाळविताना : दोन नियंत्रक, एक व्हॉल्व्ह

तुमसर तालुक्यातील आंबागडच्या परिसरात ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे ते खरिपानंतर उन्हाळी धानही घेतात. हे धान मे महिन्यात कापणीस येते आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस गाठतो. कापणीच्या वेळी दाण्यात साधारण २० ते २४ टक्के ओलावा असतो. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. साठवणीसाठी मात्र तो १४ टक्क्यांच्या आत आणावा लागतो. खळ्यावर ऊन नसेल तर ओल्या ढिगात धान तापते, पिवळे पडते, कोंब फुटतात. अशा वेळी गिरणीतील वाळवणी यंत्र, म्हणजे ड्रायर, कामास येतो.

ड्रायर मात्र दुधारी आहे. हवा कमी तापविली तर वाळवणी लांबते व पुढचा ओला माल पडून राहतो. जास्त तापविली तर दाण्याचा बाहेरचा थर आतल्यापेक्षा लवकर सुकून आकसतो, दाण्याला तडे जातात आणि भरडताना अख्ख्या तांदळाऐवजी कणी पडते. बियाण्याचे तर उगवणच जाते. हे दोन्ही धोके सांभाळण्यासाठी कारखान्यांत वापरली जाणारी 'ओव्हरराइड नियंत्रण' ही पद्धत ड्रायरलाही लावता येते.

समजा, तूस जाळून चालणाऱ्या बॉयलरची वाफ हवा तापविते व त्या वाफेवर एकच व्हॉल्व्ह आहे. त्यावर दोन नियंत्रक नेमावेत. पहिला गरम हवेचे तापमान, उदाहरणार्थ ५५ अंश सेल्सिअस, कायम राखतो. दुसरा दाण्याच्या तापमानावर नजर ठेवतो. ते ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही एवढेच त्याचे काम. व्हॉल्व्ह किती टक्के उघडावा हे दोघेही सतत सांगत असतात. मध्ये बसविलेला निवडक त्यांपैकी लहान आकडा व्हॉल्व्हकडे पाठवितो.

सुरुवातीला धान ओले असते. पाण्याची वाफ होताना दाणा थंड राहतो, म्हणून हवा ५५ अंशांवर असूनही दाणा बराच खाली असतो. दुसरा नियंत्रक म्हणतो, '१०० टक्के उघडा'. पहिला म्हणतो, '६० टक्के पुरे'. ६० लहान, म्हणून पहिल्याचे चालते. धान सुकत जाते तशी वाफ होणे मंदावते आणि दाणा तापू लागतो. तो ४० अंशांजवळ आला की दुसऱ्याचा आकडा उतरत ६० च्या खाली येतो व सूत्रे त्याच्याकडे जातात. हवा ५५ वरून खाली येते. ती येऊ द्यावी. नवा ओला माल भरला की पहिला पुन्हा पुढे येतो. अंगणात धान पायाने चाळवणारी बाई हाताला चटका लागताच ते सावलीत ओढते, तिला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

यात एक खोच आहे आणि बहुतेक बिघाड तिथेच होतात. नियंत्रक चुकीची बेरीज मनात साठवीत जातो व त्यानुसार आपला आकडा वाढवितो. सुरुवातीचे कित्येक तास दाणा मर्यादेच्या खाली असल्याने रिकाम्या बसलेल्या दुसऱ्या नियंत्रकाची बेरीज फुगून शंभरावर जाऊन बसते. मग दाणा ४० अंश ओलांडतो तरी ती ६० पर्यंत उतरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दाणा तडकतो. यावर उपाय असा, की व्हॉल्व्हकडे प्रत्यक्ष गेलेला आकडा दोन्ही नियंत्रकांना परत कळवावा व रिकाम्याची बेरीज त्याच आकड्याला धरून ठेवावी. मग दाणा मर्यादेजवळ येताच ताबा बदलतो. ड्रायर घेताना किंवा भाड्याने वाळवून घेताना ही सोय आहे का, हे अवश्य विचारावे.

वरील ५५ व ४० हे आकडे समजण्यापुरते आहेत. बियाण्यासाठी हवा ४३ अंशांच्या वर नेऊ नये. धान एका दमात न सुकविता दर फेरीत सुमारे २ टक्के ओलावा काढून काही तास विसावू द्यावे, म्हणजे आतला ओलावा बाहेरच्या थराकडे येतो.

दाण्याचा सेन्सर धानात पुरलेला असावा. गरम हवेच्या नळाजवळ असला तर तो हवेचेच तापमान सांगतो. त्याची तार तुटल्यास तापमान जास्त दिसून व्हॉल्व्ह बंद व्हावा, अशी जोडणी करून घ्यावी. ही पद्धत असली तरी तापमान फार वाढल्यास वाफ बंद करणारा स्वतंत्र थर्मोस्टॅट हवाच, कारण व्हॉल्व्हच अडकला तर दोन्ही नियंत्रक निरुपयोगी ठरतात. हंगामापूर्वी दोन्ही सेन्सर कोमट पाण्याच्या एकाच भांड्यात धरून साध्या तापमापकाशी ताडून पाहावेत. एका अंशाहून अधिक फरक दिसला तर वाळवणी सुरू करण्याआधी तंत्रज्ञाकडून दुरुस्ती करून घ्यावी.