सैतानालाही वचन पाठ होते



मे महिन्याच्या दुपारी बाजारातून घरी आलेला माणूस दारातच म्हणतो, "सूर्य नुसता आग ओकतोय!" ते ऐकून घरातले कोणी अग्निशमनाची गाडी बोलावत नाही. पाण्याचा तांब्या पुढे करतात. पोटात कावळे ओरडताहेत म्हटले तर कोणी कावळे शोधत नाही, ताट वाढायला घेतात. बोलणाऱ्याने शब्द कोणत्या अर्थाने वापरले, हे आपल्याला न शिकवता कळते.

पवित्र शास्त्र हाती घेतल्यावर मात्र आपण हेच शहाणपण कधी कधी बाजूला ठेवतो. म्हणून या रविवारी शास्त्र कसे वाचावे, याचा थोडा अभ्यास करू या.

आपली मुले शाळेत मराठीच्या तासाला अलंकार शिकतात. त्यांतले अनेक बायबलमध्येही आहेत. शिष्यांनी सापासारखे चतुर असावे, असे प्रभू सांगतो ती उपमा. तो हेरोदला कोल्हा म्हणतो, स्वतःला द्राक्षवेल म्हणतो ते रूपक. स्तोत्र ९८ मध्ये नद्या टाळ्या वाजवतात ती चेतनगुणोक्ती. सुईच्या नेढ्यातून जाणारा उंट आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ या अतिशयोक्ती. पाप करायला लावणारा हात तोडून टाकावा, हेही त्याच धाटणीचे बोलणे आहे. प्रभूला आपला हात नको आहे. पापाच्या मुळावर घाव घालताना हयगय करू नका, हे त्याला ठसवायचे आहे. शब्दशः अर्थ घेतला नाही म्हणून शिकवण सौम्य होत नाही, उलट ती जास्त खोल जाते.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. तारणाची कथा त्यांनी ओवीत सांगितली आणि मराठीची थोरवी गाताना रत्ने, फुले, सुगंध यांच्या उपमा दिल्या. अलंकार ही खोटी सजावट नव्हे, सत्य मनात पोचवण्याची ती वाट आहे, हे त्यांनी जाणले होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अर्धवट वाचन किती घातक असते, हे शुभवर्तमानच आपल्याला दाखवते. मत्तय आणि लूक यांच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि खाली उडी घ्यायला सांगतो. पुरावा म्हणून तो शास्त्रच पुढे करतो. देवदूत हातांवर झेलतील असे स्तोत्र ९१ मध्ये आहे, मग भीती कसली? वचन खरे आहे, पण वापर खोटा आहे. मूळ स्तोत्रात देव भक्ताला त्याच्या सर्व मार्गांवर सांभाळतो असे आहे. सैतान नेमके मार्गांबद्दलचे शब्द गाळतो. भक्ताच्या रोजच्या वाटचालीला दिलेला दिलासा तो उडी मारण्याचा परवाना करतो.

प्रभू ते वचन नाकारत नाही. तो अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायाचा आधार घेतो आणि देवाची परीक्षा पाहू नये, असे बजावतो. शास्त्राचा एक भाग दुसऱ्या भागाच्या उजेडात वाचावा, हा धडा त्याने स्वतः घालून दिला.

त्याच स्तोत्रात पुढे सिंह आणि सर्प पायाखाली तुडवण्याची भाषा येते. आपल्या भागात साप ही कवितेतली गोष्ट नाही. शेतात, मोहफुले वेचताना, तेंदूपत्ता तोडताना आपली माणसे त्याच्या वाटेवर असतात. साप चावलेल्याला कोणी हे स्तोत्र दाखवून घरी बसवले, किंवा क्षयरोगाच्या गोळ्या सोडून केवळ प्रार्थना करा असा संदेश मोबाईलवर आला, तर ती मंदिराच्या टोकावरचीच उडी आहे. विषावरची लस वेळेत मिळाली नाही तर जीव जातो. गोळ्या मध्येच सोडल्या तर क्षयरोग औषधांना दाद देईनासा होतो. प्रार्थना अवश्य करा, पण दवाखान्याच्या वाटेवर करा. सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय उघडून पाहा. औषधे परमेश्वरानेच जमिनीतून निर्माण केली, वैद्याचा मान राखा आणि आजारपणात प्रार्थनाही करा, हे सर्व तिथे एकत्र सांगितले आहे.

पवित्र सभेचीही हीच शिकवण आहे. पोप पायस बारावे यांनी १९४३ मध्ये शास्त्रातील लेखनप्रकारांचा अभ्यास करण्यास उत्तेजन दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'देई व्हेर्बुम' हा दस्तऐवज जाहीर केला. इतिहास, भविष्यवाणी, काव्य यांत सत्य वेगवेगळ्या रीतीने मांडलेले असते, म्हणून लेखकाला काय म्हणायचे होते ते शोधावे, आणि संपूर्ण शास्त्राची एकता ध्यानात ठेवावी, असे त्याच्या बाराव्या परिच्छेदात सांगितले आहे.

तेव्हा कोणतेही वचन वाचताना चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ या.

१. हे काय आहे? गीत, दृष्टांत, इतिहास, पत्र की नियम?
२. कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलतो आहे? मागच्या-पुढच्या ओळी काय सांगतात?
३. यात उपमा, रूपक किंवा अतिशयोक्ती आहे का? ती कशावर बोट ठेवते?
४. मी लावलेला अर्थ प्रभूच्या प्रीतीच्या आज्ञेशी जुळतो का? त्यामुळे कोणाला इजा तर होणार नाही ना?

शंका राहिली तर मिस्सा संपल्यावर फादर किंवा सिस्टरांना विचारा. विचारण्यात विश्वासाची उणीव नाही. मरियेनेही देवदूताला, हे कसे होईल, असे विचारले होते.

या आठवड्यात संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत स्तोत्र ९१ पूर्ण वाचा. घरातल्या शाळकरी मुलाला त्यातले अलंकार शोधायला सांगा. नंतर मत्तयचा चौथा अध्याय वाचा आणि सैतानाने काय गाळले ते सर्वांनी मिळून शोधा.

प्रभू आपल्याला त्याचे वचन ऐकण्यासाठी कान देवो आणि समजून घेण्यासाठी शहाणे मन देवो. आमेन.