बॅकअप आहे, पण तो परत येतो का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, शाळेच्या ऑफिसात एकदा विचारून बघा, "हा कॉम्प्युटर उद्या बंद पडला तर?" उत्तर बहुधा येईल, "बॅकअप आहे ना सर!" आज या उत्तराचीच तपासणी करू. आपला विषय आहे डिझास्टर रिकव्हरी प्लॅनिंग. म्हणजे पूर, आग, व्हायरस किंवा माणसाची साधी चूक झाल्यावर संस्थेची संगणक यंत्रणा पुन्हा कशी उभी करायची, याची आधीच केलेली तयारी.

गिटलॅबचं उदाहरण घेऊ. जगभरातले प्रोग्रामर आपलं काम या सेवेवर साठवतात. 31 जानेवारी 2017 ला तिथला एक इंजिनिअर बिघडलेला दुय्यम सर्व्हर दुरुस्त करत होता. चुकून त्याने मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसायला घेतला. लक्षात येताच थांबला, पण तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरला होता. ठीक आहे, बॅकअप काढा! तर रोजचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, म्हणून तो गुपचूप फेल होत होता. फेल झाल्याचे ईमेल निघत होते, पण तेही नाकारले जात होते. क्लाउडवरची बॅकअपची जागा उघडली, तर रिकामी! शेवटी कामी आली ती सुमारे 6 तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत. म्हणजे चक्क योगायोग. मधल्या तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीने हे सगळं न लपवता जाहीर केलं, म्हणून आज आपल्याला त्यातून शिकता येतं.

बॅकअपच्या सोयी होत्या, पण त्यातून डेटा परत आणून कुणी पाहिला नव्हता.

नियोजनाची सुरुवात दोन प्रश्नांनी होते. किती वेळाचं काम गेलं तर चालेल? याला आरपीओ म्हणतात. आणि किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवं? हा आरटीओ (लायसन्सवाला नव्हे बरं का!). उत्तर प्रत्येक कामाला वेगळं. स्नेहसंमेलनाचे फोटो आठवड्याने मिळाले तरी बिघडत नाही. दहावीचे अंतर्गत गुण भरायच्या आदल्या दिवशी मात्र तासही मोठा वाटतो.

मग प्रत ठेवायची कुठे? 22 जुलै 2021 ला चिपळुणात पूर आला, तेव्हा बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. अशा वेळी कॉम्प्युटर आणि त्याच कपाटातली हार्ड डिस्क दोन्ही एकदमच भिजणार. म्हणून एक तरी प्रत दुसऱ्या जागी हवी. आणि पेन ड्राइव्ह कायम लावून ठेवू नका. फायली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर तो त्यालाही सोडत नाही.

आता करून बघायचं काम. सत्रातून एकदा दुसरा कॉम्प्युटर घ्या, बॅकअपमधून एकाच वर्गाचं निकालपत्रक परत आणा आणि घड्याळ लावा. किती वेळ लागला ते कागदावर लिहा. त्याच कागदावर कुणाला फोन करायचा, पासवर्ड कुणाकडे आहे, हेही हवं. तो एकाच सरांना माहीत असेल आणि त्यांची बदली झाली तर? पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा कागद दाखवायला सांगा.