एक वर्ष, चार नावे

मुलांनो, इथल्या शाळेच्या इतिहासात इ.स. ४७६ हे वर्ष 'पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवट' म्हणून शिकवतात. या खेपेस आम्ही वर्गात तेच वर्ष घेतले.

त्या वर्षी ४ सप्टेंबरला इटलीत रावेन्ना येथे ओडोएसर या सेनापतीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवले. त्याला गादीवर बसवणारे त्याचे वडील ओरेस्टिस आठवडाभर आधीच मारले गेले होते. मुलाला मात्र ओडोएसरने जीवदान दिले आणि वर्षासन बांधून नेपल्सकडे राहायला धाडले. पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याच वर्षी सम्राट झीनोने गादी बळकावणाऱ्या बॅसिलिस्कसला हुसकून लावले. ते साम्राज्य पुढे १४५३ पर्यंत टिकले, तेव्हा 'शेवट' हा शब्द आम्हाला तरी जरा घाईचा वाटतो.

गंमत म्हणजे आपण ४७६ सालात आहोत हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते! इसवी सनाची मोजणी डायोनिसियस एक्झिग्युअस या साधूने मांडली ती ५२५ साली. रोमन लोक वर्षाला त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची नावे देत. हे वर्ष आर्मेटस आणि त्याच हुसकलेल्या बॅसिलिस्कसचे! आपल्या शकाच्या हिशेबाने हे ३९८. सारनाथच्या बुद्धमूर्तींवर गुप्त संवताची १५७ वर्षे झाली व बुधगुप्त राज्य करतो आहे असे कोरले आहे, तेही याच सुमाराचे.

आणि याच वर्षी आर्यभटाचा जन्म झाला. ते त्याने 'आर्यभटीय' ग्रंथात जवळजवळ कोडे घालूनच सांगितले आहे: कलियुगाची ३६०० वर्षे झाली तेव्हा मला २३ वर्षे झाली होती. कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ चा धरतात. फळ्यावर सगळ्यांनी ३६०० मधून ३१०२ वजा केले, आले ४९८. त्यातून २३ गेले, उरले ४७५. एक वर्ष कुठे गेले? मागे बसलेले आईबाबाही बोटे मोजू लागले. शेवटी कारण सापडले. इसवी सनात शून्य साल नाही, इ.स.पू. १ नंतर एकदम इ.स. १ येते. म्हणून ३१०१ वजा करायचे: ४९९, आणि मग ४७६.

घरचा अभ्यास: इ.स.पू. ४ मध्ये जन्मलेला माणूस इ.स. ६ मध्ये किती वर्षांचा होईल? तसेच आपले जन्मवर्ष शकात लिहून आणा. गुढीपाडव्यानंतर जन्मलेल्यांनी ७८ वजा करावेत, आधी जन्मलेल्यांनी ७९. पाडवा त्या वर्षी कधी होता ते आजीला विचारा.