के-एनची पंचाक्षरी

घाबरू नका, या लेखात एकही डेरिव्हेशन नाही. फक्त स्पेलिंगं आहेत, आणि तीही मोजकीच. पाच अक्षरांचे असे इंग्रजी शब्द, ज्यांची पहिली दोन अक्षरं के आणि एन आहेत.

हा विषय सुचला तो आमच्या रूमवर. रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा मॅगी शिजेपर्यंत आमचा एक खेळ चालतो. एकीने पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द मनात धरायचा आणि बाकीच्यांनी सहा प्रयत्नांत ओळखायचा. म्हणजे 'वर्डल'च. जॉश वॉर्डल या सॉफ्टवेअर इंजिनिअरने तो २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने विकत घेतला. आम्ही आपला जर्नलच्या मागच्या पानावर खेळतो.

त्या दिवशी पहिली दोन अक्षरं के-एन निघाली. मी कॉन्व्हेंटची! मला वाटलं, आता काय, खिशातच आहे. धडाधड चार शब्द टाकले, चारही चुकले. मग आमची परभणीकर रूममेट, जी एरवी या खेळात गप्प असते, हळूच म्हणाली, "यू-आर-एल लाव. नर्ल." बरोबर!

"अगं, तुला कसं आलं?" मी विचारलं.

"हा शब्द मी विसरेन का? याच शब्दावर सगळी बॅच हसली होती."

मला एकदम आठवलं. फर्स्ट इयरचं वर्कशॉप. लेथवर डेमो होता आणि सरांनी तिला जॉबच्या स्टेप्स मोठ्याने वाचायला सांगितल्या. तिने वाचलं, "कनर्लिंग." दहावीपर्यंत मराठी मीडियम, जसं लिहिलंय तसं वाचलं. सगळे हसले. आणि "के सायलेंट असतो!" असं मागून ओरडणारी मीच होते. त्यानंतर वर्गात वाचायची वेळ आली की ती घसा बसलाय म्हणायची. मी ते विसरून गेले होते, ती नाही.

रात्री झोप आली नाही, म्हणून डिक्शनरी काढली. जे सापडलं ते इथे देते. ही सगळी यादी नाही, पण कामाचे शब्द आले आहेत. प्रत्येक शब्दाच्या आधी के-एन आहेच, मी पुढची तीन अक्षरं सांगते.

आधी आपल्या धंद्यातले. यू-आर-एल लावलं की नर्ल, मायक्रोमीटरच्या थिंबलवर बोट घसरू नये म्हणून जी खरखरीत जाळी असते ती. ओ-सी-के लावलं की नॉक. पेट्रोल इंजिनमध्ये मिश्रणाचा काही भाग ज्वाला पोचायच्या आधीच आपोआप पेटतो आणि ठकठक आवाज येतो, तो हाच. पेट्रोलचा ऑक्टेन नंबर म्हणजे या नॉकला ते किती दाद देत नाही, त्याचं माप. ओ-टी-एस म्हणजे नॉट्स, दोरीच्या गाठी. पूर्वी जहाजाचा वेग गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून मोजायचे, म्हणून अजूनही जहाज आणि विमानाचा वेग नॉट्समध्येच. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. आणि ओ-बी-एस म्हणजे नॉब्स, सीआरओवर आपण उगाच फिरवत बसतो ती बटणं.

मग घरातले. आय-एफ-ई नाइफ, ई-ए-डी नीड म्हणजे कणीक मळणे, आय-टी-एस निट्स म्हणजे विणते. ई-ई-एस नीज म्हणजे गुडघे, ई-ई-एल नील म्हणजे गुडघे टेकणे, आणि त्याचाच भूतकाळ ई-एल-टी नेल्ट.

डोक्यातले तीन: ओ-डब्ल्यू-एन नोन, ओ-डब्ल्यू-एस नोज, आणि ए-सी-के नॅक, म्हणजे हातोटी.

पुस्तकात भेटणारे: ई-एल-एल नेल म्हणजे मृत्यूची घंटा, ओ-एल-एल नोल म्हणजे टेकाड, आणि ए-व्ही-ई नेव्ह म्हणजे लबाड माणूस. या नेव्हचा मूळ अर्थ नुसता 'मुलगा'. मग नोकर, मग लबाड, अशी त्याची घसरण झाली. पत्त्यांतल्या जॅकचंही हे जुनं नाव, आणि आपण त्याला गुलाम म्हणतो!

आता मुद्द्याचा प्रश्न. के बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला?

उत्तर असं, की तो एकेकाळी बोलत होते. जुन्या इंग्रजीत हे शब्द सी-एनने लिहायचे आणि त्यात 'क' स्पष्ट ऐकू यायचा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर हळूहळू लिहिण्याची पद्धत बदलली आणि सीच्या जागी के आला, उच्चार तोच राहिला. चौदाव्या शतकातला कवी चॉसर नाइट हा शब्द 'क'सकटच म्हणत असणार. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. 'क' जिभेवरून गेला तो त्यानंतर, साधारण सतराव्या शतकाच्या शेवटी. तोंडातून गेला, कागदावर राहिला. जर्मनमध्ये मात्र तो अजून आहे. तिथे गुडघा म्हणजे 'क्नी' आणि गाठ म्हणजे 'क्नोटन'. जर्मनचा क्लास लावलेल्यांनी वाचून बघा.

म्हणजे आमची परभणीकर चुकली नव्हती. तीन-साडेतीनशे वर्षं उशिरा आली होती, इतकंच!

आणखी एक गंमत. इंग्रजीतला नी आणि आपल्या 'आजानुबाहू'मधला जानु हे एकाच मुळाचे. नो आणि 'ज्ञान'मधला ज्ञा, हेही एकाच मुळाचे. मूळ आवाज 'ग'च्या जवळचा होता. तो संस्कृतात 'ज' झाला आणि इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात 'क' झाला. असे बदल ठराविक नियमाने होतात, हे ज्याने १८२२ मध्ये मांडलं तो याकोब ग्रिम, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरला.

आणि आपण ज्ञ कसा बोलतो? लिहितो ज आणि ञ, म्हणतो 'द्न्य'. हॉस्टेलमधले हिंदीवाले म्हणतात 'ग्य'. लिहिलंय तसं कोणीच म्हणत नाही, पण त्यावर कोणी कोणाला हसत नाही. मग के-एनलाच एवढा भाव का?

शेवटचा धडा मला याच सेमिस्टरला मिळाला. माझा सेमिनार होता स्ट्रिंग मॅचिंगवर. १९७७ साली तिघांच्या नावाने प्रसिद्ध झालेला केएमपी अल्गोरिदम. त्यातला के म्हणजे डोनाल्ड, आणि आडनाव के-एन-यू-टी-एच. पाच अक्षरं! मी नियमाप्रमाणे ठासून "नूथ, नूथ" म्हणत राहिले. संपल्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कनूथ. त्यांनी स्वतःच आपल्या वेबसाइटवर उच्चार दिला आहे." मागून खसखस पिकली. माझे कान लाल झाले. परभणीकर पहिल्या बाकावर होती. ती हसली नाही.

तेव्हा नियम लिहून घ्या. शब्दाच्या सुरुवातीला के-एन आलं की के गप्प. अपवाद दोन. माणसाचं नाव असेल तर त्यालाच विचारा. आणि बाहेरून नवा आलेला शब्द असेल तर डिक्शनरी बघा. उदाहरणार्थ आय-एस-एच लावलं की 'कनिश', पूर्व युरोपातल्या ज्यूंचा सारण भरलेला पदार्थ, त्यात के बोलतात.

आणि तिसरा नियम माझा: कोणी के बोललं तर हसू नका, नंतर बाजूला घेऊन सांगा.

पुढच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्ट येईल. त्याच्या सुरुवातीला अ‍ॅक्नॉलेजमेंटचं पान असतं. त्या शब्दाच्या पोटात नो आहे, आणि तिथे 'क' चक्क ऐकू येतो. त्या पानावर मी परभणीकरचं नाव घालणार आहे. तोंडी सॉरी मात्र आधीच म्हटलंय. ती म्हणाली, "जाऊ दे गं, मॅगी गार होतेय."