तूर वावरात, सातबारावर नुसता कापूस

वरणगावच्या शिवारात कपाशीच्या सहा-आठ ओळींमागे तुरीचं एक तास, ही रीत आमच्या आजोबांपासूनची. घरच्या डाळीपुरती ठेवायची, उरलेली विकायची. २०२५ च्या सुरुवातीला तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता आणि व्यापारी त्याच्या खालीच मागत होते. नोंदणी केलेल्याची तूर सरकार घेणार होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. सातबारा घेऊन नोंदणीला गेलो तर संगणकावरचा पोरगा म्हणाला, "आबा, यात तूर कुठंय? नुसता कापूस दिसतोय."

झालं होतं असं, की ओळखीतल्या एकाने आमच्या भागातल्या बऱ्याच जणांची ई-पीक पाहणी, म्हणजे सातबारावर पीक चढवायची अ‍ॅपवरची नोंद, उरकून दिली होती. 'निर्भेळ पीक' निवडलं की काम लवकर आटोपतं, म्हणून त्याने सगळ्यांना कापूसच लावला. वावरात तुरीच्या तुऱ्हाट्या उभ्या, पण कागदावर तूर नाही. शेवटी माल व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला.

राग त्या ओळखीच्या माणसाचा कमी आणि धोरणाचा जास्त येतो. आपल्या जळगावच्या डाळ मिलमध्ये डाळ भरडली जाते, पण देशाची गरज भागवायला तूर म्यानमार, मोझांबिक, मलावीहूनही येते. म्हणून सरकार म्हणतं, कडधान्य पेरा. आणि २०२५ च्याच जानेवारीत तुरीच्या शुल्कमुक्त आयातीची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली, ऐन आपली तूर बाजारात येताना! २०१७ तर जुन्या लोकांना आठवतच असेल: तूर उदंड, केंद्रावर बारदाना नाही, आणि गाड्या रांगेत.

तरी योजनेकडे पाठ फिरवू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने ११,४४० कोटींचं कडधान्य आत्मनिर्भरता अभियान मंजूर केलं. तूर, उडीद, मसूर यांची नोंदणीकृत शेतकऱ्यांकडून चार वर्षं पूर्ण खरेदी करायचं त्यात कबूल केलंय. पण सगळी मदार 'नोंदणीकृत' या शब्दावर आहे, आणि नोंदणी सातबारावरचं पीक पाहूनच होते.

तेव्हा पीक पाहणी स्वतः वावरात उभं राहून करा, नाहीतर घरच्या पोराकडून करून घ्या. 'मिश्र पीक' निवडा, कापसासोबत तूर घाला आणि तुरीचं क्षेत्र ओळींच्या हिशेबाने नीट टाका. खरेदीची मर्यादा हेक्टरी उत्पादकतेवर ठरते; क्षेत्र दोन-चार गुंठेच लावलं तर तेवढ्याचीच तूर घेतील, बाकीची घरी परत. चुकलं तर अ‍ॅपमध्ये ४८ तासांच्या आत दुरुस्त करता येतं. नंतर तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, दारात हेलपाटे.

माल नेण्याआधी चाळणी मारा, दोन-तीन दिवस ऊन दाखवा. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की पोतं बाजूला काढतात, तिथे हुज्जत घालून उपयोग होत नाही. बँकेचं खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही आधीच पाहा, पैसे तिथेच अडकतात. आणि घरखर्चापुरता पैसा हाताशी ठेवा, कारण सरकारी चुकारा व्यापाऱ्यासारखा रोख मिळत नाही.

पाहणी झाली की महिन्याभराने सातबारा काढून वाचा. त्यात तूर दिसत नसेल, तर पीक उभं आहे तोवरच अर्ज द्या.